एकविसाव्या दिवसाचे इंजेक्शन : प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

शाळा सुरू होण्यापूर्वी प्रकल्पाची व्याप्ती आज कागदावर उतरवली. नाशिकमधील ओपीडी आणि कॅथलॅब (रक्तवाहिनीतून नळी घालून हृदयावर उपचार करायची खोली) हे माझे रोजचे काम आहे. त्याच्या जोडीला सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतील आश्रमशाळांमध्ये रुमॅटिक हृदयरोगाची तपासणी, त्या तपासणीवर आधारलेले संशोधन, मराठीतील पॉडकास्ट आणि आमच्या न्यासाच्या निधीतून होणारी रुग्णमदत अशी चार कामे गेल्या काही वर्षांत वाढत गेली, आणि त्यातील प्रत्येक काम दुसऱ्याची वेळ खाऊ लागले. दिवसाचे तास वाटून हा प्रश्न सुटत नाही, कारण हृदयविकाराचा झटका आलेला रुग्ण वेळापत्रक पाहून येत नाही. म्हणून या शैक्षणिक वर्षापुरते चारही कामांना मोजमाप एकच ठेवायचे ठरवले आहे : तपासणीत रोग आढळून यादीत आलेल्या मुलाला एकविसाव्या दिवशी पेनिसिलिनचे इंजेक्शन मिळाले की नाही.

नव्याने येणाऱ्या सहकाऱ्यांसाठी पार्श्वभूमी लिहून ठेवतो. स्ट्रेप्टोकॉकस जंतूमुळे घसा दुखतो, तो आपोआप बराही होतो. परंतु काही मुलांमध्ये त्या जंतूविरुद्ध उठलेली प्रतिकारशक्ती सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर, विशेषतः डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील मिट्रल झडपेवर, उलटते. सांधे बरे होतात, झडप मात्र दर नव्या संसर्गागणिक अधिक खराब होत जाते. दीर्घकाळ टिकणारे बेंझाथिन पेनिसिलिन दर तीन आठवड्यांनी दिले, तर पुढचा संसर्ग आणि पुढची इजा टळते. झडपेला सौम्य इजा असली तरी हा उपचार किमान दहा वर्षे किंवा वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत, चालू ठेवावा लागतो. औषध स्वस्त आहे आणि शोध जुना आहे. अवघड आहे ते सातत्य.

पॉडकास्टच्या ज्या भागाचे ध्वनिमुद्रण, ज्या शोधनिबंधाचा मसुदा किंवा जी देणगी या सातत्यात भर घालत नाही, ते काम या वर्षी स्वीकारायचे नाही.

२७ जून, शुक्रवार

हाताच्या तळव्यावर मावणारे इको यंत्र (ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र दाखवणारी सोनोग्राफी) पिशवीत टाकून शाळोशाळी फिरावे, ही मूळ कल्पना कायद्यात बसत नाही. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली अशा प्रत्येक यंत्राची नोंदणी लागते, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर सुवाह्य यंत्र नोंदणीकृत जागेबाहेर नेण्यावर कडक मर्यादा आहेत. ते एक तर त्याच रुग्णालयातील दाखल रुग्णांसाठी वापरायचे, नाही तर इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणून. आपण मुलांचे हृदय पाहणार आहोत हे खरे असले, तरी तेच यंत्र गर्भही दाखवू शकते. तरुण सहकाऱ्यांना याचा राग येतो. मला येत नाही, कारण देशाने १९९४ मध्ये कायदा करण्याच्या आधी, १९८८ मध्येच, महाराष्ट्राला असा कायदा का करावा लागला हे माझ्या पिढीने पाहिलेले आहे.

निर्णय असा की यंत्र हलणार नाही, मुले हलतील. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची शाळातपासणी दरवर्षी होतेच आणि त्यांच्या आजारांच्या यादीत रुमॅटिक हृदयरोग आहे. त्या पथकाच्या भेटीला जोडून मुलांना बसने ग्रामीण रुग्णालयात आणायचे आणि तिथल्या नोंदणीकृत यंत्रावर तपासायचे. बसचे भाडे न्यास देईल.

केवळ स्टेथोस्कोपवर भागवावे, असे एका विश्वस्तांनी सुचवले होते. त्यांना २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कंबोडिया आणि मोझांबिक येथील शाळांच्या अभ्यासाचे आकडे दाखवले : कानाने ऐकून पकडलेले रुग्ण दर हजारी दोनच्या आसपास होते, तर इकोने पकडलेले कंबोडियात दर हजारी २१.५ आणि मोझांबिकमध्ये ३०.४ होते. बसचे भाडे मंजूर झाले.

८ जुलै, मंगळवार

यंदाच्या चक्राचे पहिले इंजेक्शन आज प्राथमिक आरोग्य केंद्रात दिले गेले. मंगळवार हा तिथल्या आठवडी बाजाराचा वार आहे. काही ठिकाणी हे इंजेक्शन महिन्यातून एकदा देतात. परंतु तीन आठवड्यांचे अंतर ठेवण्यात वैद्यकीय लाभाखेरीज एक साधी सोय अशी आहे की वार बदलत नाही. मंगळवारी दिले की पुढचेही मंगळवारीच येते, आणि बाजाराला आलेली आई मुलाला केंद्रात घेऊन येऊ शकते. एसटीत महिलांना अर्धे तिकीट असल्यामुळे या फेरीचा भारही थोडा हलका होतो.

ही पद्धत बसवणाऱ्या सिस्टर इंजेक्शन कसे देतात, हे आज मी शेजारी उभे राहून पाहिले आणि प्रशिक्षण पुस्तिकेसाठी टिपून घेतले. कुपीतील पांढरी पूड पाण्यात मिसळली की दुधासारखे दाट द्रावण तयार होते आणि ते स्थिर ठेवले तर कण तळाशी बसतात, म्हणून कुपी जोरात न हलवता दोन तळव्यांमध्ये फिरवायची. बारीक सुई घेतली तर ती कणांनी तुंबते आणि अर्धे औषध सिरिंजमध्येच राहते. त्यामुळे २१ नंबरची सुई लागते. (दिवसही एकवीस आणि सुईही एकवीस, त्यामुळे आशाताईंना लक्षात ठेवायला सोपे जाते.) द्रावणात लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध मिसळल्याने दुखणे पुष्कळ कमी होते. टोचण्याआधी त्या जागेवर अंगठ्याने काही सेकंद दाबून धरायचे, औषध सावकाश आत जाऊ द्यायचे, आणि कोणत्या बाजूला दिले ते नोंदवहीत लिहायचे. नववीतल्या एका मुलाने आत येताच विचारले, "सिस्टर, आज उजवी ना?" सिस्टरांनी वही न पाहता उत्तर दिले, "उजवी गेल्या खेपेला झाली बाळा, आज डावी."

वजन ३० किलोपेक्षा कमी असेल तर ६ लाख युनिट आणि त्याहून अधिक असेल तर १२ लाख युनिट, असा तक्ता भिंतीवर लावला. तीव्र अॅलर्जी झाल्यास द्यायच्या अॅड्रिनलिनची कुपी फ्रिजच्या आत नाही, टेबलावर दिसेल अशी ठेवायची.

१९ जुलै, शनिवार

संशोधनाच्या आराखड्यावर नीतिसमितीने दोन प्रश्न विचारले होते, त्यांची उत्तरे आज पाठवली.

पहिला प्रश्न तुलनेचा होता. पॉडकास्टचे भाग ऐकवल्याने इंजेक्शनातील सातत्य वाढते का, हे तपासायचे असेल तर काही शाळांना ते न ऐकवणे भाग आहे, आणि ते योग्य आहे का, अशी त्यांची रास्त शंका होती. सांख्यिकीतज्ज्ञ मॅडमनी सुचवलेली रचना अशी : सर्व शाळांना भाग मिळतील, परंतु एकाच वेळी नाही, कोणत्या शाळेला आधी आणि कोणत्या शाळेला नंतर, हे चिठ्ठ्या टाकून ठरेल. त्यामुळे कोणीही कायमचे वंचित राहत नाही आणि तुलनाही साधते. इंजेक्शन मात्र पहिल्या दिवसापासून सर्वांना आहे, त्यावर चिठ्ठी नाही.

दुसरा प्रश्न संमतीचा होता. पालकांची लेखी संमती घ्यायचीच, शिवाय बारा वर्षांवरील मुलांची लेखी आणि सात ते अकरा वयोगटातील मुलांची तोंडी सहमती घ्यायची, हे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणेच आहे. समितीचा आक्षेप वेगळा आणि अधिक महत्त्वाचा होता : संमती मागणारा माणूस आणि उपचार करणारा डॉक्टर एकच असेल, तर नकार द्यायची हिंमत कोण करील? मान्य आहे. संमतीचे काम आता माझ्याकडे नसेल. ते समाजकार्य विभागातील ताई करतील आणि त्या वेळी मी खोलीत नसेन.

मोजणी कशी करायची तेही पक्के झाले. ठरलेल्या इंजेक्शनांपैकी ८० टक्के मिळाली तर सातत्य चांगले मानण्याचा प्रघात आहे. परंतु एक मूल सर्व इंजेक्शने पाच-सहा दिवस उशिरा घेते आणि दुसरे सलग तीन चुकवते, हा फरक त्या टक्केवारीत नीट दिसत नाही. म्हणून आपण इंजेक्शने न मोजता संरक्षित दिवस मोजणार आहोत : प्रत्येक इंजेक्शनानंतरचे एकवीस दिवस संरक्षित आणि त्यानंतरचा प्रत्येक दिवस उघडा.

३ ऑगस्ट, रविवार

ओपीडी बंद असल्यामुळे इकोच्या खोलीत ध्वनिमुद्रण केले. एसी बंद केला की ती खोली पुरेशी शांत असते.

आजचा भाग मोठ्या रुग्णांसाठी होता, आणि तो का घेतला हे नोंदवणे आवश्यक आहे. झडप आकसलेल्या आणि हृदयाचे ठोके अनियमित झालेल्या रुग्णांना रक्त पातळ ठेवणारी जुनी गोळी घ्यावी लागते, तिच्यासाठी वारंवार आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचे माप) तपासावा लागतो, आणि नवी गोळी घेतली तर ही कटकट नाही असे कोणीतरी त्यांना सांगत असते. दिल्लीच्या एम्समधील गणेशन कार्तिकेयन यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये बार्सिलोना येथील परिषदेत मांडलेल्या इन्व्हिक्टस चाचणीने याचे स्पष्ट उत्तर दिलेले आहे. २४ देशांतील साडेचार हजारांहून अधिक रुमॅटिक रुग्णांमध्ये जुन्या गोळीच्या गटात मृत्यू कमी झाले आणि रक्तस्रावही वाढला नाही. त्या रुग्णांचे सरासरी वय पन्नाशीच्या आसपास होते. आज आश्रमशाळेत असलेल्या मुलांचे इंजेक्शन चुकत राहिले तर पुढे काय वाढून ठेवलेले असते, ते या भागातून पालकांच्या कानावर जाईल; म्हणून तो मोजमापात बसतो.

याच आठवड्यात एका औषध कंपनीने संपूर्ण मालिकेचा खर्च उचलण्याची तयारी दाखवली. कंपनी नव्या गोळ्या विकते. प्रस्ताव सौजन्याने नाकारला. विश्वस्तांपैकी काहींना हे आततायीपणाचे वाटले; नाव फक्त शेवटी घ्यायचे होते, असे त्यांचे म्हणणे. जुनी गोळी बरी असे सांगणाऱ्या भागाच्या शेवटी नव्या गोळीच्या विक्रेत्याचे आभार मानायचे, किंवा तो भागच करायचा नाही, असे दोनच मार्ग उरले असते. शिवाय आपला खर्च तो काय : एक माईक, एक रेकॉर्डर आणि संपादन करणाऱ्या मुलाचे मानधन.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

आज कॅथलॅबमध्ये आश्रमशाळेतील एका मुलीची मिट्रल झडप फुग्याने उघडली. ही पद्धत जपानमधील शल्यविशारद कान्जी इनोवे यांनी विकसित केली आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध केली. जांघेतील शिरेतून नळी हृदयात न्यायची, दोन कप्प्यांमधील पडद्यातून पलीकडे जायचे आणि आकसलेल्या झडपेत फुगा फुगवून तिच्या चिकटलेल्या कडा सुट्या करायच्या. छाती उघडावी लागत नाही. एवढ्या लहान वयात झडप इतकी आकसलेली पाहून परदेशी डॉक्टरांना आश्चर्य वाटते. आपल्याकडे मात्र सुजय रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्येच भारतातील कोवळ्या वयातील मिट्रल आकुंचनावर लिहून ठेवले होते.

खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाला. न्यासाला एक रुपयाही द्यावा लागला नाही.

मुलीचे वडील बाहेर हात जोडून उभे होते. "साहेब, आता सुई बंद ना?" हाच त्यांचा पहिला प्रश्न होता. झडप उघडली म्हणजे आजार गेला, ही समजूत स्वाभाविक आहे, कारण मुलगी उद्यापासून दम न लागता जिना चढेल. परंतु फुग्याने केवळ जुनी इजा सैल केली. नवा संसर्ग झाला तर तीच झडप पुन्हा आकसेल किंवा गळू लागेल. त्यांना बसवून सांगितले. समजले की मान ठेवला, हे सांगता येत नाही.

या प्रसंगातून निधीविषयी काही गोष्टी स्पष्ट झाल्या. शस्त्रक्रियेसाठी शासनाची योजना आहे, धर्मादाय रुग्णालयांतील राखीव खाटा आहेत आणि देणगीदारही आहेत, कारण शस्त्रक्रियेनंतर हसऱ्या मुलीचा फोटो मिळतो. एकविसाव्या दिवशी केंद्रावर येण्यासाठी लागणारे जीपचे भाडे आणि त्या दिवशी बुडालेली मजुरी यांचा फोटो निघत नाही, आणि त्यासाठी कोणतीही योजना नाही. न्यासाचा पैसा यापुढे तिथेच जाईल.

९ सप्टेंबर, मंगळवार

इंजेक्शनाचा दिवस. मला जाता आले नाही. पहाटेपासून दोन प्रायमरी अँजिओप्लास्टी (झटका आलेल्या रुग्णाची तुंबलेली रक्तवाहिनी तातडीने उघडणे) झाल्या आणि त्या कामात नव्वद मिनिटांच्या आत रक्तवाहिनी उघडणे याहून महत्त्वाचे काही नसते. माझ्या अनुपस्थितीत केंद्रावरचे काम नेहमीसारखे पार पडले, आणि तसेच ते व्हायला हवे. ज्या आठवड्यात तातडीची जबाबदारी माझ्याकडे असेल त्या आठवड्यात ध्वनिमुद्रण, भाषण आणि बैठक ठेवायची नाही, असा नियम केला.

२९ सप्टेंबर, सोमवार

जागतिक हृदयदिन. आलेली निमंत्रणे नाकारली. नवरात्रात मंडळांसमोर कोलेस्टेरॉलवर बोलणारे पुष्कळ जण आहेत.

३० सप्टेंबर, मंगळवार

आजची नोंद लांब होईल.

इंजेक्शन घेऊन उठताना एक मुलगा पांढरा पडला आणि खाली कोसळला. पेनिसिलिन म्हटले की सर्वांच्या मनात एकच शब्द येतो, रिअॅक्शन. सिस्टरांनी आधी त्याला आडवे केले, पाय उशीवर उचलून ठेवले आणि नाडी पाहिली. नाडी मंद होती. अंगावर पुरळ नव्हते, श्वासात शिट्टीसारखा आवाज नव्हता, ओठ सुजलेले नव्हते. तीव्र अॅलर्जीत नाडी सहसा जोरात धावते. भीतीने किंवा वेदनेने घेरी येते तेव्हा ती मंदावते. मुलगा थोड्याच वेळात बोलू लागला. सकाळपासून त्याने काही खाल्लेले नव्हते. जेवायला गेलो तर बाजाराची जीप चुकेल, म्हणून तो तसाच आला होता.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ च्या जानेवारीत याच विषयावर सूचना प्रसिद्ध केल्या होत्या. इंजेक्शनानंतरचे जे मृत्यू अॅलर्जीचे म्हणून नोंदले जातात, त्यांतील काही प्रत्यक्षात आधीच गंभीर असलेल्या झडपांच्या रुग्णांत रक्तदाब अचानक कोसळल्यामुळे होत असावेत, असे त्यात म्हटले आहे. अशा गंभीर रुग्णांना इंजेक्शनाऐवजी तोंडाने घ्यायची गोळी द्यावी, आणि इतरांना पाणी पाजून, काही खाऊ घालून, आडवे करून इंजेक्शन द्यावे, असा त्यातील व्यवहार्य भाग आहे. आजचा मुलगा सौम्य गटातील आहे, त्यामुळे त्याचे इंजेक्शन चालू राहील. यादीतील गंभीर इजा असलेल्या रुग्णांची फेरतपासणी करून त्यांना गोळीवर न्यायचे की नाही, हे या आठवड्यात मी स्वतः ठरवीन.

औषधापेक्षा बातमी वेगाने पसरते. मी घाट ओलांडून नाशिकला पोहोचण्याआधीच सुईने पोरगा मरता मरता वाचला, अशी कथा बाजारात पोहोचली होती, आणि संध्याकाळपर्यंत दोन मुख्याध्यापकांचे फोन आले. पुढच्या आठवड्यासाठी तयार असलेला भाग बाजूला ठेवून नवा भाग करायचे ठरवले, आणि त्यात मी बोलणार नाही. सिस्टर बोलतील, इथल्या कोकणा आदिवासींच्या कोकणी बोलीत, आणि तो मुलगा तयार असेल तर त्याचा आवाज न घेता फक्त त्याने परवानगी दिलेली हकिकत असेल, नाव-गाव न सांगता.

विश्लेषणाच्या दृष्टीने अडचण अशी की हा भाग सर्व शाळांना एकाच वेळी ऐकवावा लागेल, चिठ्ठीच्या क्रमाने नाही. संशोधनाची रचना यामुळे काहीशी बिघडते. सांख्यिकीतज्ज्ञ मॅडमशी बोललो. त्यांचे म्हणणे होते की घटनेची तारीख स्वच्छ नोंदवा, विश्लेषणात तिचा वेगळा विचार करता येईल. बिघडले तरी चालेल, असेच माझेही मत होते.

११ ऑक्टोबर, शनिवार

सिस्टरांचा भाग शाळांमध्ये परिपाठानंतर लाऊडस्पीकरवर ऐकवला गेला. मोबाइलवर ऐकण्याची सोय सगळीकडे नाही. पॉडकास्ट हा शब्द शहरात ठीक आहे, इकडे तो शाळेच्या भोंग्यावरून येणारा आवाज आहे. नागलीची भाकर खाऊनच सुई घ्यायची, हे वाक्य अधीक्षिकाबाईंच्या तोंडी बसले आहे, असे कळले.

इंजेक्शनाचा पुढचा मंगळवार २१ ऑक्टोबर, आणि त्याच दिवशी लक्ष्मीपूजन. शाळांना सुटी असेल, मुले पाड्यांवर विखुरलेली असतील. सुटीनंतर देऊ, असे सहज म्हटले जाते. परंतु तसे केले तर दोन आठवडे उघडे पडतात. इंजेक्शन चार-पाच दिवस आधी देण्यात काहीही बिघडत नाही, नंतर देण्यात बिघडते. त्यामुळे सुटी लागण्यापूर्वी, गुरुवारी १६ तारखेला, शाळांमध्येच पथक पाठवायचे आणि त्यानंतर ४ नोव्हेंबरपासून पुन्हा मंगळवार धरायचा.

४ नोव्हेंबर, मंगळवार

शाळेतली मुले आली. शाळा सोडलेली मुले आली नाहीत, आणि या प्रकल्पाचा सगळ्यात कठीण भाग इथेच आहे.

उपचार पंचविसाव्या वर्षापर्यंत चालतो, आश्रमशाळा बारावीला संपते. त्यानंतर तो मुलगा कोणत्याच हजेरीपटावर नसतो. दिवाळी झाली की सुरगाणा आणि पेठमधील कुटुंबे दिंडोरी आणि निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला उतरतात; गोडी छाटणीनंतरची (फळांसाठीच्या छाटणीनंतरची) विरळणी, डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणे) आणि पुढे तोडणी अशी कामे टोळीने चालतात आणि मुकादम नेईल तिकडे टोळी जाते. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा बागेतून मंगळवारी गावी परतेल, अशी अपेक्षा ठेवणे हा आपला हट्ट होईल.

फोन करून विचारले तेव्हा एकाने सांगितले की त्याने जवळच्या खासगी दवाखान्यात कुपी दाखवली होती, डॉक्टरांनी हात जोडले. त्यांची भीती मला समजते. त्यांच्याकडे रुग्णाचा इतिहास नाही, आणि अनोळखी मुलाला पेनिसिलिन टोचून काही झाले तर जबाबदारी त्यांच्यावर येते.

म्हणून कार्ड. खिशात मावेल एवढे आणि लॅमिनेट केलेले : एका बाजूला निदान, मात्रा, याआधी त्रास झाला नाही अशी नोंद आणि माझा नोंदणी क्रमांक, दुसऱ्या बाजूला पुढील तारखा आणि देणाऱ्याच्या सहीसाठी रकाने. तारखांचा भाग खोडता येईल असा हवा, म्हणून ती बाजू लॅमिनेट करायची नाही, अशी सूचना सिस्टरांची. हे कार्ड दाखवणाऱ्याला जिल्ह्यातील कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात इंजेक्शन मिळावे, यासाठी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र दिले.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

पत्राला अनुकूल उत्तर आले. बागांच्या पट्ट्यातील केंद्रांना सूचना जातील. औषधाचा साठा त्या केंद्रांवर नियमित राहील का, हे मात्र दर वेळी फोन करून पाहावे लागेल, आणि त्यासाठी न्यासाने अर्धवेळ मानधनावर एक माणूस नेमायचे मान्य केले आहे. शिबिराच्या मंडपाला आणि बॅनरला ठेवलेली रक्कम तिकडे वळवली.

पुढचा भाग मुकादमांसाठी आहे. मुलाला दर तीन आठवड्यांनी अर्धा दिवस सोडले, तर तो हंगामभर काम करू शकतो, आणि न सोडल्यास झडप बिघडून त्याला ओझे उचलताच दम लागू लागेल, हा हिशेब मुकादमाला वैद्यकीय भाषेत सांगण्याची गरज नाही. एका मुकादमानेच बोलायची तयारी दाखवली आहे. ध्वनिमुद्रण बागेतच करावे लागेल, फवारणीचा ट्रॅक्टर बंद असेल त्या वेळी.

शोधनिबंध शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत लिहायला घ्यायचा नाही. वह्यांची नक्कल दर पंधरवड्याला सांख्यिकी विभागाकडे जाईल.

पुढील तारखा : १६ डिसेंबर, ६ जानेवारी, २७ जानेवारी, १७ फेब्रुवारी, १० मार्च. यांपैकी शेवटच्या दोन तारखांच्या दरम्यान होळी येते आणि त्या वेळी बागांवरील माणसे गावाकडे परततात. १० मार्चला ती कुठे असतील, हे आजच टोळीवार विचारून ठेवायला सांगितले आहे.